पखवाजाची कणीक

मेढ्याहून निघताना

पखवाज मांडीवर घेऊन एस्टीत बसलं की पखवाजाचं ओझं वाटत नाही, लोकांच्या नजरांचं वाटतं. मेढ्याच्या स्टँडवर सकाळच्या पहिल्या गाडीत चढले आणि गाडी सुटायच्या आत अर्ध्या लोकांनी मागं वळून बघितलं. बाई, आणि मांडीवर पखवाज. मी पदर पुढं ओढला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आमच्या मंडळातल्या काही बायकांना या प्रवासाला येता आलं नाही. एकीला सासूनं सोडलं नाही, एकीची म्हैस व्यायला झाली होती. मी परत आल्यापासून त्या नळावर विचारतात, काय झालं ते सांग गं. मला चार बायकांसमोर सांगता येत नाही. म्हणून लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी याला पुरते. कुणाला वाचायला देईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

हा पखवाज माझ्या वडलांचा. माहेरी ते भजनात वाजवायचे. माझ्या भावाला त्यांनी पुढ्यात बसवून शिकवलं. मला कणीक मळायला बसवलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय त्यातून खालचा, पोटातला आवाज निघत नाही. ती कणीक ताजीच लागते. त्यामुळं वडील वाजवायला बसले की मीही परात घेऊन बसायची. भाऊ बोल म्हणायचा आणि चुकायचा, मी मनात म्हणायची. पुढं भाऊ पुण्याला गाडी चालवायला गेला, वडील गेले, आणि पखवाज माळ्यावर गेला. एका दिवाळीला वहिनी मला साडी द्यायला लागली तेव्हा मी म्हटलं, साडी नको, तो पखवाज दे. वहिनीला वाटलं मी चेष्टा करतेय. मला चेष्टा करता येत नाही.

आमच्या बायकांच्या भजनी मंडळाला पखवाज वाजवायला शेजारच्या गावातून माणूस आणावा लागायचा. पुरुषांच्या मंडळाचं बोलावणं आलं की तो आमच्याकडं यायचाच नाही. आमची एकादशी त्याच्या सवडीनं उजाडायची. मग एक दिवस शांताआत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "हौसा, तू घरात दार लावून बडवतीस ते आमाला ऐकू येतंय बरं का. आता दार उघड."

शांताआत्या म्हणजे आमच्या मंडळाची म्होरकी. नात्यानं ती सगळ्या गावाची आत्या. तिचा आवाज एवढा मोठा की ती हळू बोलली तरी पलीकडच्या आळीला कळतं. त्या दिवसापासून आमच्या मंडळाचा पखवाज मी वाजवते. पण गावातच. गावाबाहेर हे पहिल्यांदाच होतं. तासगावच्या पुढं एका गावात महिला मंडळांची भजनस्पर्धा होती आणि आम्ही नाव दिलं होतं.

अडचण एकच होती. आमच्या जावळीच्या पावसात भिंतीलासुद्धा बुरशी येते. पखवाजाच्या उजव्या तोंडाची काळी शाई तडकून उडाली होती. वडील पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेलं चामडं, बदलायला मिरजेला जायचे. म्हणून बाकीच्या बायका स्पर्धेच्या दिवशी जीपनं येणार आणि मी नि आत्या आधी निघून मिरजेला पुडी बदलून, तासगावात माझ्या बहिणीकडं मुक्काम करून तिथं पोचणार, असं ठरलं.

निघताना आमचे मालक दारात उभे होते. मिलिटरीतून रिटायर झाल्यापासून ते टोपी घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाहीत. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवत म्हणाले, "पुडी बदलून आन. पन वाजवायला तिथं मानूस मिळंल. तू उगं हट्ट करू नगंस, परमुलखात हसं व्हायचं."

मी पखवाज उचलला.

साताऱ्याहून मिरज

साताऱ्याला मिरजेची गाडी मिळाली. कंडक्टर पोरगेलासा होता, तोंडात पान.

"ते वाद्य मागं डिकीत टाका."

"लेकरू डिकीत टाकतंय व्हय रं कोन?" आत्या म्हणाली.

"मग तिकीट पडंल त्याचं. बायकांना अर्धं तिकीट हाय, पन ह्याला पुरं. हा बाप्या दिसतोय."

सगळी गाडी हसली. "कुनाचा हाय पकवाज?" त्यानं मला विचारलं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "वडलांचा." ते खरंच होतं. पण का कोण जाणे, बोलून झाल्यावर तोंड कडू झालं. गाडी कराडच्या पुढं जाईपर्यंत मी त्याच एका शब्दावर बसून होते.

कराडच्या पुढं डोंगर मागं सरतात. आमच्याकडं सूर्य डोंगराआड लवकर जातो, चुली लवकर पेटतात, माणसं लवकर निजतात. इकडं आभाळ सगळीकडून मोकळं. ऊस, ऊस आणि ऊस. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अशा डुलत चालल्या होत्या की आत्या प्रत्येकीला "गेली, गेली, पडली" म्हणायची आणि ती काही पडायची नाही. सांगलीच्या स्टँडवर आत्यानं भडंग घेतलं. तिखट एवढं की आम्ही दोघी नाक पुसत पुसत खात होतो, पण पुडी संपेपर्यंत थांबलो नाही.

मिरजेला उतरलो तर शेजारच्या दोन बायका कानडीत भांडत होत्या. शब्द एकही कळला नाही. आत्या म्हणाली, "सासू-सुना हैत. ह्याला भाषा लागत न्हाई."

वाद्यांच्या गल्लीत शिरलो आणि मी जागेवरच थांबले. दुकानांच्या छताला मोठमोठे वाळके भोपळे टांगलेले. त्यांच्या सतारी आणि तंबोरे होतात. आमच्याकडं भोपळा म्हटलं की भाजी. इथं भोपळा चिरला तर गुन्हाच समजत असतील. एका दारात एक म्हातारा माणूस तार जुळवत होता, एकच तार, पुन्हा पुन्हा. आमच्या गावात एवढा वेळ कुणी एकाच गोष्टीला दिला तर लोक म्हणतील याला काम नाही.

पुड्या बदलणाऱ्यांचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. पांढरी दाढी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही चाचाच म्हटलं. त्यांनी पखवाज मांडीवर घेतला, फाटक्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं,

"वाजिवनारा कुठं हाय?"

मी पदर सारखा केला.

"बाई, मी नुसती पुडी बसवून देत न्हाई. ज्याचा हात, त्याच्यापरमानं वादी ओढायची. वाजिवनाऱ्याला घिऊन या."

आत्या नेमकी पाणी आणायला गेली होती. मी उभीच राहिले. चाचांनी पखवाज बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा तबला हातात घेतला. माझ्या मनात आलं, परत जावं आणि आत्याला सांगावं की दुकान बंद आहे. पण दुकान उघडं होतं आणि पखवाज माझा तिथं पडला होता. मी चप्पल काढली, आत गेले आणि चाचांच्या समोर पोत्यावर मांडी घालून बसले. 

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचा तयार पखवाज माझ्यापुढं सरकवला, शेजारच्या वाटीतली कणीक दाखवली आणि म्हणाले, "वाजवा."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि भजनी ठेका धरला.

"भिंतीला ऐकवायचंय काय? हिकडं वळा."

वळले. डोळे मिटले आणि वाजवलं. दारात दोन-चार माणसं थांबल्याचं चपलांच्या आवाजावरून कळलं. थांबले तेव्हा हातांना घाम आला होता.

"कुनी शिकिवलं?"

"कुनीच न्हाई."

"व्हय, ते ऐकूनच कळतंय." चाचा म्हणाले. दारातला एकजण हसला. माझे कान तापले. तेवढ्यात चाचांनी माझा डावा पंजा मनगटाशी धरला आणि वर उचलला. "ह्यो हात दाबून ठेवताय. कनीक थापल्यासारखा. आवाज आतच मरतोय. मारायचं आनि सोडायचं. वाजवा परत."

परत वाजवलं. "न्हाई." परत वाजवलं. "न्हाई म्हनलं न्हवं?" तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत, माझा पखवाज पायात धरून चामड्याच्या जुन्या वाद्या सोडायला लागले.

मी रागानं लाल झाले होते आणि आतून एवढी खूश होते की ते आत्यालाही सांगितलं नाही. आजवर माझं वाजवणं ऐकून लोक एकतर "बाई असून वाजवती" म्हणाले होते, नाहीतर "बाईनं वाजवू नये" म्हणाले होते. वाजवण्यातली चूक मला कुणीच सांगितली नव्हती.

नवी पुडी चढली, वाद्या ताणल्या, लाकडी गट्टे ठोकून बसवले. चाचांनी माझ्या हातून सूर तपासून घेतला आणि बजावलं, "नवी पुडी हाय, उतरंल. वाजवायच्या आधी गट्टा ठोकून घ्या. आनि भिंतीला नगा ऐकवू."

तासगाव

माझी थोरली बहीण तानूताई तासगावजवळ द्राक्षाच्या मळ्यात दिली आहे. शेडमध्ये बेदाणा वाळायला घातला होता. मजल्यावर मजले जाळ्या ताणलेल्या, त्यावर हिरवे पिवळे घड, आणि आंबटगोड वास असा की पहिल्या श्वासाला बरं वाटतं आणि दहाव्याला डोकं जड होतं. आमच्याकडं वाळवण म्हणजे अंगणातल्या सुपातले कुरडया-पापड, कावळा हाकलायला एक म्हातारी बसवली की झालं. इथं वाळवणाला घरापेक्षा मोठं छप्पर.

ताईनं शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी वाढली. आमच्या भाताच्या मुलखात एवढी मोठी भाकरी बघितली की पहिल्यांदा ताटच दिसत नाही. जेवताना दाजी, म्हणजे ताईचे मालक, म्हणाले, "हौसा, स्पर्धा भरवनारे अण्णा माझ्या ओळखीतलेच हैत. मी सांगून ठिवलंय. तुमच्या मंडळाला तिथला बुवा वाजवून दील. चांगला वाजिवतोय. काळजी करू नगंस."

मी काळजी करतच नव्हते. आता करायला लागले.

"आवं दाजी," आत्या म्हणाली, "आमचा वाजिवनारा हितं तुमच्या म्होरं जेवाय बसलाय की."

दाजी हसले. माणूस वाईट नाही. मला धाकट्या बहिणीसारखं वागवतात, आजवर कधी रिकाम्या हातानं माहेरी आले नाहीत. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अवघड. ते म्हणाले, "आत्या, गावात ठीक हाय. पन तिथं पंच असत्यात, पुढारी असत्यात. बाईमानसानं मांडी घालून, पखवाज फुडं घिऊन, मान हालवत बसायचं… बरं दिसतंय का?"

"व्हय का? आनि जात्यावर आमी काय उभ्यानं दळत हुतो?"

ताईनं तोंडाला पदर लावला. दाजींना भाकरीचा तुकडा जरा जास्तच चावावा लागला. मग म्हणाले, "चामडं असतंय ते. त्याला बायकांचा हात लागू देत न्हाईत जुनी मानसं."

हे मात्र मला लागलं. माझ्या हातची कणीक त्याच चामड्यावर रोज थापली जायची तेव्हा जुनी माणसं कुठं गेली होती? पीठ आमचं चालतं, पाणी आमचं चालतं, मळणारा हात आमचा चालतो. थाप मारायची वेळ आली की तोच हात विटाळतो. हे सगळं मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी भाकरी संपवली आणि ताट उचललं.

ताई भांडी घासताना हळूच म्हणाली, "त्यांनी शब्द टाकलाय गं अण्णांकडं. त्यांचं मन मोडू नगंस."

"आनि माझं?"

एवढंच बोलले. ताईचा हात राखेत थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. मीही बसले. चांगला एकीकडं, काळा एकीकडं. हात चालले होते आणि माझ्या मनात ठेका चालला होता. कधी बोटं पालथ्या क्रेटवर गेली, मला कळलं नाही. मारायचं आणि सोडायचं. मारायचं आणि सोडायचं. एक म्हातारी म्हणाली, "थांबलीस का गं? चालू दे की. हात लवकर उरकत्यात." मी वाजवत राहिले. त्या बायकांना बाईनं वाजवावं की नाही हा प्रश्न पडला नाही. त्यांना ढीग संपवायचा होता.

स्पर्धेचं गाव

देवळापुढं मोठा मांडव घातला होता. मागं चुलाण्यांवर महाप्रसाद शिजत होता आणि गावच्या बायका पुऱ्या लाटत होत्या. आमची जीप पोचली. आमच्या बायका उतरल्या त्या एकसारख्या हिरव्या साड्यांत, दोघींना गाडी लागल्यामुळं चेहरेही जरा हिरवेच. माझीही तीच साडी.

मांडवात मी बघत होते. मंडळ महिलांचं, गाणाऱ्या बायका, टाळ बायकांचे, पेटीवर बाई. पण पखवाजावर प्रत्येक वेळी बाप्या. एक मंडळ उठलं की बायका बदलायच्या, बुवा तोच बसलेला. तरणा पोरगा, कपाळाला बुक्का, हात खरंच चांगला. त्याच्यावर माझा राग नव्हता. जागा त्याला आयती मिळाली होती, तो बसला होता.

आमचं नाव पुकारलं. आम्ही बसलो. मी पखवाज पुढ्यात घेतला, त्याची खोळ काढायला गेले, तेवढ्यात अण्णा आले. पांढरे कपडे, छातीवर बिल्ला, घाईत.

"पखवाजाला आमचे बुवा हैत. तुमच्या दाजींनी सांगितलंय मला. ह्या बाईंना टाळ द्या हातात."

"आमची वाजिवनारी हाय," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, येळ न्हाई. आजून लय मंडळं हैत. बुवा, घ्या."

बुवा आला, आपला पखवाज घेऊन माझ्या शेजारी बसला. मला थोडं सरकावं लागलं. कुणीतरी माझ्या मांडीवर टाळ ठेवले. मी बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणं काही आलं नाही. मांडव भरलेला. मागं दाजी आणि ताई उभे होते. दाजींनी मला खुणेनं सांगितलं, राहू दे.

बुवानं आपल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला हात लावला. सकाळपासून वाजवून कणीक वाळून तडकली होती. त्यानं ती खरवडली आणि म्हणाला, "जरा ताजी कनीक मिळंल का?"

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांना मीच दिसले, बिनकामाची. "मावशी, तुमी जरा मळून आना. लवकर."

मी उठले. माझ्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. आत्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवलं नाही. मी मांडवामागं गेले. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांतल्या एकीनं परातीतलं पीठ पुढं केलं. "कशाला पायजे?"

"पखवाजाला."

"कोन वाजिवनार हाय?"

मी पिठात पाणी घातलं आणि मळायला लागले. ही कणीक पोळीच्या कणकेसारखी नसते. बोटाला चिकटली पाहिजे आणि हातातून सुटली पाहिजे. आयुष्यभर मी ती मळत आले आणि मळून दुसऱ्याच्या हातात देत आले. वडलांच्या, भावाच्या, शेजारगावच्या माणसाच्या. ती बाई अजून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्या हातालाही कोपरापर्यंत पीठ होतं.

"मी," मी म्हणाले.

गोळा घेऊन मांडवात आले. बुवानं हात पुढं केला. मी त्याच्या हाताशेजारून गेले, माझ्या जागेवर बसले, माझ्या पखवाजाची खोळ काढली आणि ती कणीक माझ्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापली. कडेनं बोटं फिरवली. पिशवीतून हातोडी काढून उजवीकडचे गट्टे ठोकले, कारण पुडी खरंच उतरली होती. ठोक, ठोक, ठोक. मग डाव्या हातानं एकच थाप मारली आणि सोडली.

तो आवाज माझ्या पोटात गेला.

"मावशी, ती कनीक माझ्यासाठी…" बुवा म्हणाला.

"अहो बाई, हे काय?" अण्णा म्हणाले.

मी मान वर केली नाही. दोन्ही हात पखवाजावर ठेवले आणि बसून राहिले. मला उचलून न्यायचं असतं तर पखवाजासकट उचलावं लागलं असतं.

आत्यानं त्यांना दुसरं वाक्य बोलू दिलं नाही. तिनं असा गजर उचलला की मांडवाची कनात हलली. बायकांचे टाळ पडले आणि मी ठेका धरला.

छान वाजलं असं मी म्हणणार नाही. सुरुवात बरी झाली. मधे लय वाढली तेव्हा डावा हात जुन्या सवयीनं दाबला गेला आणि मी एक मात्रा मागं पडले. आत्यानं टाळ मोठा करून मला ओढून घेतलं. मारायचं आणि सोडायचं, मी स्वतःला सांगितलं. मग हात मोकळा झाला. भिंत नव्हती म्हणून डोळे उघडून समोर बघितलं. मांडवाच्या मागं पुऱ्या लाटणाऱ्या बायका कनात बाजूला सारून उभ्या होत्या. एकीच्या हातात लाटणं तसंच होतं. शेजारी बुवा रिकाम्या हातानं बसला होता. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी माझे पडलेले टाळ त्यानं उचलले आणि आमच्या बायकांबरोबर वाजवायला लागला. नीट वाजवत होता.

निकाल लागला तेव्हा आमचं नाव आलं नाही. आत्या अण्णांपुढं जाऊन उभी राहिली.

"नियमात बसत न्हाई, आत्याबाई. पखवाज आमचा बुवा वाजिवनार असं ठरल्यालं हुतं."

"नियम दावा."

"असं लिवलेलं न्हाई कुठं, पन…"

"मग लिवा की. बायकांनी फकस्त कनीक मळायची, असं मोठ्या अक्षरात लिवा आनि मांडवाच्या म्होरं लावा. आमी वाचून मग येतो."

अण्णांनी कपाळ पुसलं. मग मानपान सुरू झाला. गाणाऱ्या बायकांची नारळ आणि खणानं ओटी भरली. पखवाजवाल्याचा मान वेगळा असतो, नारळ आणि टॉवेल-टोपी. प्रत्येक मंडळामागं एक टॉवेल-टोपी बुवाकडं गेली होती, त्याच्याजवळ ढीग झाला होता. आमच्या वेळेला अण्णा टॉवेल-टोपी हातात घेऊन थांबले. बुवाकडं बघितलं. बुवा म्हणाला, "मी न्हाई वाजिवलं."

"मग बाईला टोपी कशी द्यायची?" अण्णांनी पंचांना विचारलं. "खणच देऊ या."

त्यांनी टोपी परत पिशवीत ठेवायला घेतली आणि तेव्हा, कसं ते मला माहीत नाही, माझा आवाज आला.

"द्या."

अण्णांनी ऐकलं नसावं. मी दोन्ही हात पुढं केले. हातांना अजून कणीक होती.

"टोपी द्या. वाजिवलंय मी."

त्यांनी दिली. टोपीला माझ्या बोटांचे पिठाचे डाग पडले, ते अजून आहेत.

परत

पखवाजाची कणीक वाजवून झाल्यावर टाकत नाहीत, गाईला घालतात. देवळामागं एक गाय बांधली होती, तिला घातली. ताई तिथं आली. तिनं टोपी माझ्या हातून घेतली, इकडंतिकडं बघितलं आणि आपल्या डोक्यावर ठेवून बघितली. आम्ही दोघी लहानपणी हसायचो तशा हसलो. दाजी जीपपर्यंत आले. बेदाण्याचा बॉक्स आत ठेवला, माझ्याकडं न बघता म्हणाले, "लय हट्टी हैस." मग थोडं थांबून, "डावा हात मधी अडकला तुझा."

"व्हय," मी म्हणाले. "सुधारीन."

परतीला मी सगळ्यांबरोबर जीपनं आले. टोपी एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर फिरत होती. आत्याच्या डोक्याला ती बसेना, अंबाडा मोठा. कराडच्या पुढं डोंगर परत दिसायला लागले आणि एकेक जण झोपली. पखवाज माझ्या मांडीवर होता.

घरी पोचले तेव्हा मालक रानात गेले होते. टॉवेल पखवाजाला गुंडाळला. टोपी कुठं ठेवायची, असा विचार केला आणि त्यांच्या खुंटीला अडकवली. आमच्या घरात टोपीला तेवढी एकच खुंटी आहे. चूल पेटवली, भात टाकला.

ते आले, पाय धुतले, टोपी काढली आणि खुंटीकडं हात नेऊन थांबले. ती खाली घेऊन उलटीसुलटी बघितली.

"ही कुनाची टोपी?"

"माझी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी भाताचं झाकण काढलं, ढवळलं, पुन्हा ठेवलं. मान मात्र खाली घातली नाही. पिठाच्या डागांवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. मग टोपी खुंटीला परत लावली, आणि स्वतःची टोपी हातात घेऊन दुसरी जागा शोधायला लागले.